पांढरं वर्तुळ

कुत्री पाळणाऱ्या आणि त्यांची पैदास करणाऱ्या मंडळींत तिला सगळे आत्या म्हणत. तिच्या आवारात जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाचं कागदावरचं नाव तीच ठेवायची, म्हणून कुणीतरी एकदा गमतीत आत्या म्हटलं आणि ते कायमचं चिकटलं. दुसऱ्यांच्या कुत्र्यांना नावं ठेवण्यातही ती मागे नव्हती, तेव्हा हे नाव तिला दोन्ही बाजूंनी शोभायचं. वय सदुसष्ट, गुडघे कुरकुरते, आवाज मात्र खणखणीत. गेली चाळीस वर्षं तिने एकच जात सांभाळली होती. उंच, सडपातळ, छातीने खोल, आणि सुटली की नजर पोचेपर्यंत पार पलीकडे गेलेली.

संघटनेने एक दिवसाचा अभ्यासमेळावा ठरवला तेव्हा सेक्रेटरींनी तिला फोन केला.

"आत्या, तीन वक्ते आहेत. एक हृदयाच्या डॉक्टर, एक आपले मास्तर आणि तुम्ही. तुम्ही नुसत्या येऊन बसलात तरी मेळाव्याला वजन येईल."

"नुसतं बसायला मी काय फुलदाणी आहे? विषय सांगा."

विषय होता, जोडी कशी निवडावी. हा विषय तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता. तरी तिने आठवडाभर बसून वीस कार्डं लिहिली, क्रमांक घातले आणि रबर लावून पर्समध्ये ठेवली.

सभागृह गावाबाहेरच्या एका प्रशिक्षण केंद्रात होतं. एरवी तिथे कारकुनांना कॉम्प्युटर शिकवत. पडद्यांना कोंदट वास होता आणि माईक मधूनच खरखरत होता. दीडएकशे माणसं आली होती. कुत्री आणायला मनाई होती, पण कपड्यांवरचे केस पाहून कुणाकडे कोणती जात आहे ते आत्याने बसल्या जागेवरून सांगितलं असतं. वक्त्यांसाठी पहिल्या रांगेपुढे लांब टेबल मांडलं होतं, जमिनीपर्यंत लोंबणारं निळं कापड घातलेलं. आत्या तिथे बसली, चष्मा पुसला, आणि डाव्या पावलावर वजन आलं.

हे तिला नवं नव्हतं. अकरा वर्षं हे चाललं होतं. खुर्चीत बसून जरा स्थिर झालं की डाव्या पावलावर काहीतरी टेकायचं. घरात, दवाखान्यात, बँकेच्या बाकावर, कुठेही. नसांच्या डॉक्टरने रक्ताभिसरण म्हणून गोळ्या दिल्या. तिने त्या इमानेइतबारे घेतल्या. पण ते वजन तिच्या ओळखीचं होतं. कुत्र्याने हनुवटी ठेवली की पावलावर एवढाच भार येतो, कोमट, श्वासाबरोबर किंचित कमी-जास्त होणारा. ती कधी खाली वाकून पाहत नसे. पाहिलं आणि काही दिसलं नाही तर काय, आणि दिसलं तर काय, दोन्ही तिला नको होतं.

पहिलं भाषण हृदयाच्या डॉक्टरचं होतं. जनावरांच्या हृदयरोगाची तज्ज्ञ म्हणून तिचं बरंच नाव होतं, पण दिसायला अगदी पोरगेली. बारीक चण, बसलेला घसा, हातात गरम पाण्याची बाटली.

"आधी तुम्हाला दोन आवाज ऐकवते," ती म्हणाली. "पहिला निरोगी कुत्र्याच्या छातीचा."

सभागृहात ठोके घुमले. सरळ, एकसारखे. लोक कौतुकाने ऐकत राहिले.

"आणि हा दुसरा. दिसायला हा कुत्रा पण ठणठणीत होता. खात होता, धावत होता."

दुसरे ठोके सुरू झाले. दोन नीट. मग तीन घाईघाईने, एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे. मग काहीच नाही. जिना उतरताना पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली पायरी नसावी, तेवढा वेळ काहीच नाही. आणि मग एक जड ठोका.

आत्याने टेबलाची कड धरली. हा आवाज तिने ऐकला होता. यंत्राशिवाय, केसांवर कान ठेवून.

अकरा वर्षांपूर्वी तिच्याकडे हरणी होती. दोन वर्षांची मादी, नावासारखीच. त्या दिवशी आत्या आणि तिची धाकटी बहीण मागच्या मैदानात कुत्र्यांना पळवत होत्या. दुपारचे चार वाजले असतील. हरणी कुंपणाच्या टोकाला वळली, परत फिरली, दोघींकडे सरळ धावत आली आणि वीसेक पावलांवर पडली. ठेच नाही, ओरडणं नाही. धप्प असा आवाज, आणि धावण्याच्या ओघात थोडी घसरत आली तेवढंच. आत्या पोचली तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि ती शोधल्यासारखी इकडेतिकडे बघत होती. आत्याने तिच्या छातीवर कान ठेवला. तेव्हा ऐकलेलं ते हे. तीन घाईचे, मग काही नाही, मग एक जड. मग तो जडही आला नाही.

धाकटीचा कान देवाने दिलेला. पिल्लू पोटात आडवं आहे हे ती हात न लावता सांगायची. त्या संध्याकाळी ती एकेका कुत्र्याच्या छातीला कान लावत फिरली आणि शेवटी बोक्यापाशी बराच वेळ बसून राहिली. बोक्या हा हरणीचा भाऊ. आई एकच, बाप वेगळे. कागदावर त्याचं नाव भारदस्त होतं, पण लहानपणी दुधाच्या भांड्यात तोंड घालून बसायचा म्हणून घरात बोक्या. एक महिन्यापूर्वीच तो सगळ्यांत मोठ्या प्रदर्शनात पहिला आला होता. परीक्षक म्हणाले होते, असा कुत्रा आयुष्यात एकदा पाहायला मिळतो.

"ताई, याचंही तसंच वाजतंय," धाकटी म्हणाली. "अधूनमधून. याला कुणाकडे देऊ नकोस आता. याची पिल्लं नकोत."

"तू डॉक्टर कधीपासून झालीस?"

"डॉक्टर नाही, पण कान आहेत मला. तुलाही आहेत."

"हरणीला साप चावला," आत्या म्हणाली.

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "कुठे चावला? दाखव मला."

आत्याने दाखवलं नाही. रोजच्या वहीत तिने 'सर्पदंश' असं लिहिलं, आणि महिन्याभराने संघटनेच्या फॉर्मवरही तेच लिहिलं. बोक्या तिच्या तोवरच्या तीसेक वर्षांचं फळ होता. तो सदोष असेल तर आपल्या हाती राहतं काय, हा विचार तिला सहन झाला नाही, एवढंच त्याचं कारण होतं. पुढच्या आठवड्यात धाकटीने पेटी भरली. जाताना भांडली नाही. फाटक लावून घेतलं आणि गेली. तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं.

बोक्या नऊ वर्षं जगला. म्हातारा होऊन झोपेत गेला. तेव्हा आत्याने मनात म्हटलं होतं, बघ. कुणाला म्हटलं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

पडद्यावर आता एक वंशावळ आली होती. नर म्हणजे चौकोन, मादी म्हणजे वर्तुळ. नावं नव्हती, नुसते आकडे. हृदयाने अचानक गेलेली कुत्री काळी भरलेली होती, बाकीची पांढरी. वरच्या एका चौकोनापासून खाली खाली काळे ठिपके पसरत गेले होते, शाईची दौत कलंडावी तसे. नावं नसली म्हणून काय झालं? आत्याला ती वंशावळ तोंडपाठ होती. त्यातली निम्मी नावं तिने स्वतः ठेवली होती. वरचा चौकोन बोक्या होता. आणि त्याच्या बाजूला, त्याच आईच्या आधीच्या वेतात, एक वर्तुळ होतं. पांढरं.

"हा दोष या नराच्या बापाकडून आला असावा असा आमचा अंदाज आहे," डॉक्टर सांगत होती. "कारण आईचं आधीचं वेत स्वच्छ दिसतं. एक मादी लवकर गेली, पण ती सर्पदंशाने. त्यामुळे ज्यांना ही जात पुढे न्यायची आहे, त्यांनी या दुसऱ्या, म्हणजे आधीच्या वेताच्या, शाखेतून पिल्लं घ्यावीत असं मी सुचवेन."

सभागृहात पेनं चालू लागली. माणसं ते लिहून घेत होती. पावलावरचं वजन जरा हललं, कुत्रं झोपेत कूस बदलतं तसं.

चहाच्या सुट्टीत डॉक्टर आपणहून तिच्याजवळ आली.

"आत्या, तुम्ही ओळखलीत ना वंशावळ?"

"ओळखली."

"मला वर्षभरापासून माहीत आहे. नाव घेऊन कुणाला उभं करायचं नव्हतं. पण तुमच्याकडून आलं तर लोक आपापल्या कुत्र्यांची तपासणी करतील, म्हणून मीच सेक्रेटरींना तुमचं नाव सुचवलं." तिने गरम पाण्याचा घोट घेतला. "तुमचा यात काही दोष नाही. त्या काळी हे कुणालाच कळणं शक्य नव्हतं."

आत्याने तोंड उघडलं होतं. ते वाक्य ऐकून तिने मिटलं. एवढी रुंद वाट कुणी करून दिली की माणूस त्या वाटेने जातोच. "बघते," ती म्हणाली.

त्यानंतर मास्तर उभे राहिले. मास्तर म्हणजे कुत्र्यांना शिस्त लावणारे, गळ्यात शिट्टी, आवाज असा की पहिल्या रांगेतली माणसंही ताठ बसली. सभागृहात यायची परवानगी फक्त त्यांच्या कुत्रीला होती. काळी, समंजस, मास्तरांच्या बोटाकडे बघत चालणारी. त्यांनी तिला बसवलं, झोपवलं, टेबलाला वळसा घालून यायला सांगितलं. कुत्री निघाली. डॉक्टरच्या खुर्चीजवळून पुढे आली आणि आत्याच्या खुर्चीपासून चार हातांवर थांबली. निळ्या कापडाच्या खालच्या कडेकडे बघत राहिली. मास्तरांनी शिट्टी वाजवली. कुत्री हलली नाही. शेपूट पोटाशी घेऊन हळूच खाली बसली आणि घशातल्या घशात कण्हली. दुसऱ्या कुत्र्याला जागा देताना कुत्री बसतात, तशी.

"आत्याला घाबरली!" मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले. "आम्हीपण घाबरतो, तिचं काय चुकलं?"

आत्याही हसली. डावं पाऊल तिने हलवलं नाही.

जेवण झालं. मग तिची पाळी आली. तिने रबर काढून कार्डं समोर ठेवली आणि पहिली चार नीट वाचली. पाचव्यावर थांबली.

"सकाळी डॉक्टरांनी जी वंशावळ दाखवली," ती म्हणाली, "त्यातला वरचा चौकोन माझा बोक्या आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे त्याची पिल्लं, नातवंडं आहेत. ज्यांची अचानक गेली, ती त्याच्यामुळे गेली. तुमच्या कुत्र्यांची छाती तपासून घ्या. माझ्याकडच्या एकाही कुत्र्याचं मी यापुढे लग्न लावणार नाही."

मागून एकाने टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. सेक्रेटरींनी डोळे पुसले. "याला म्हणतात मोठेपणा," ते माईकवर म्हणाले. "कळत नसताना झालेली गोष्ट इतक्या मोकळेपणाने सांगायला वाघाचं काळीज लागतं." टाळ्या थांबेनात. आत्या त्या आवाजात उभी होती आणि आपल्या अंगावर कुणीतरी दुसऱ्याचाच कोट घातलाय असं तिला वाटत होतं. उरलेली कार्डं तिने वाचली की नाही, तिला नंतर आठवेना.

दुपारच्या चहाला माणसं तिच्याभोवती जमली. कुणी हात हातात घेतले, कुणी पाया पडलं. सगळे निवळल्यावर एक उंच म्हातारा पुढे आला. बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त. बोक्याची एक नात त्याने सहा वर्षांपूर्वी तिच्याकडून नेली होती.

"आत्या, तुमचे उपकार झाले," ड्रायव्हर म्हणाला.

"उपकार कसले?"

"आमची पोर अंगणात पडली ना, दीड वर्षाची होती. मी ड्यूटीवर होतो. घरी फक्त आमची ही. उन्हात सोडलीस, पाणी दिलं नाहीस, तूच मारलीस, असं मी तिला बोललो. एकदा नाही, आत्या. चार वर्षं बोलतोय. आधी ती उत्तर द्यायची. आता देत नाही. आता ती कुठल्याच गोष्टीवर काही बोलत नाही." त्याने कपातला चहा हलवला, प्यायला नाही. "आज घरी जाऊन सांगतो तिला. तुझी चूक नव्हती. कुणाचीच नव्हती."

तो निघायला वळला. आत्याच्या तोंडून आवाज आला तो तिलाच अनोळखी वाटला.

"होती."

"काय?"

"कुणाचीच नव्हती असं नका सांगू. माझी होती. तुमचं पिल्लू जन्मायच्या कितीतरी आधी मला माहीत होतं. बोक्याची बहीण माझ्या डोळ्यांसमोर अशीच गेली. माझ्या बहिणीने मला सांगितलं, याला थांबव. मी साप चावला असं लिहिलं."

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ती थांबली होती, पण आला तो राग नव्हता. तो मनाशी काहीतरी मागे मागे मोजत होता, चार वर्षांतले दिवस असावेत. त्याने कप खिडकीत ठेवला, टोपी घातली आणि बाहेर पडला.

शेवटच्या सत्रात तिन्ही वक्ते टेबलाशी बसून प्रश्नांना उत्तरं देणार होते. पहिलाच प्रश्न एका तरुण जोडप्याचा होता. "डॉक्टर, तुम्ही सांगितलेल्या दुसऱ्या शाखेतली एक मादी आमच्याकडे आहे. तिचं पहिलं वेत आता घ्यायला हरकत नाही ना?"

डॉक्टर बोलणार, इतक्यात आत्याने तिच्यापुढचा माईक ओढला.

"हरकत आहे. ती शाखा स्वच्छ नाही. त्या कागदावरचं पांढरं वर्तुळ माझी हरणी होती. तिला साप चावला नव्हता. ती धावता धावता पडली आणि तिच्या छातीत मी ऐकलं, सकाळी तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत तेच. दोघांचे बाप वेगळे होते. म्हणजे दोष बापाकडून आलेला नाही, आईकडून आला. दोन्हीकडे गेलाय." तिने श्वास घेतला. "हे मला आज नाही कळलं. अकरा वर्षांपूर्वीच कळलं होतं. माझ्या बहिणीने बोक्याची छाती ऐकून मला तोंडावर सांगितलं होतं, आणि तरी मी त्याची पिल्लं होऊ दिली. मघाशी तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्या परत घ्या."

या वेळी कुणी उभं राहिलं नाही. डॉक्टर मान खाली घालून कागदावर भराभर लिहीत होती. मागच्या रांगेतली एक बाई रडत बाहेर गेली. कुणीतरी म्हणालं, "माझी तीन गेली, तीन," आणि खाली बसलं. सेक्रेटरींनी माईक हातात घेतला, परत ठेवला. मास्तर शिट्टी मुठीत धरून बसले होते.

तेव्हा आत्या खाली वाकली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने कापडाची कड उचलून टेबलाखाली पाहिलं. माईकची वायर होती, कुणाची तरी पडलेली पेन्सिल होती आणि तिची स्वतःची झिजलेली चप्पल. बाकी काही नव्हतं. आणि पावलावर वजन तसंच होतं, कोमट, श्वासाबरोबर वरखाली होणारं. तिने कापड सोडलं. घरी येईपर्यंत, आणि त्यानंतरही, ते तसंच राहिलं. खरं बोललं की असल्या गोष्टी निघून जातात असं आत्यालाही कुठेतरी वाटलं होतं. गेल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात संघटनेने तिचं नाव यादीतून काढलं. तिने हूं की चूं केलं नाही. रोजच्या जुन्या वह्या तिने डॉक्टरकडे पाठवल्या, सर्पदंशाच्या ओळीवर काट मारून खरं लिहून, खाली तारीख आणि सही करून. डॉक्टरने धाकटीला शोधून काढलं. धाकटीने तिला तासभर सगळं सांगितलं, कोणत्या कुत्र्याच्या छातीत काय ऐकलं होतं तेही, नावानिशी. अकरा वर्षांनीही तिला एकूण एक आठवत होतं. आत्याला मात्र तिने फोन केला नाही. दुसऱ्या शाखेतल्या एकवीस कुत्र्यांची तपासणी झाली. आठ जणांच्या छातीत तो आवाज सापडला. त्या तरुण जोडप्याची मादी त्यांतली एक होती. तिला औषध सुरू झालं.

आत्याकडे सात कुत्री उरली होती. ती त्यांना मैदानात सोडायची, पण कुंपणाच्या टोकाला वळली की श्वास धरून उभी राहायची, सगळी परत येईपर्यंत.

एके दिवशी अकराच्या सुमाराला फाटकाशी एक बाई आली. साठीच्या आसपासची, साधी, छत्री काखेत. ड्रायव्हरची बायको. आत्याने तिला एकदाच पाहिलं होतं, पिल्लू न्यायला आली तेव्हा. त्या वेळी पिल्लू तिने पदरात घेतलं होतं आणि सारखी बोलत होती, त्याच्याशी आणि सगळ्यांशी.

"काकू, आत या," आत्या म्हणाली.

काकू आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या. पाणी घेतलं. बराच वेळ कुत्र्यांकडे बघत राहिल्या. एक कुत्रा येऊन त्यांचा हात हुंगून गेला. त्यांनी हात हलवला नाही.

"यांनी सांगितलं मला सगळं," काकू म्हणाल्या. आवाज वापरात नसल्यासारखा जाडसर होता. "मला एकच विचारायचंय. तुम्ही पाहिलंय म्हणून. आमची पडली तेव्हा मी आत होते, पाणी आणायला गेले होते. बाहेर आले तर झालंच होतं. तुमची हरणी गेली तेव्हा… तिला कळलं का काही?"

नाही म्हणणं सोपं होतं. क्षणात गेली, काही कळलं नाही, असं सगळेच म्हणतात, आणि ऐकणाऱ्यालाही तेच हवं असतं. ते शब्द आत्याच्या ओठांवर आलेच होते.

"कळलं," ती म्हणाली. "मिनिटभर होती ती. डोळे उघडे होते. घाबरली होती. दुखत होतं असं नाही वाटलं मला, पण काय होतंय ते तिला समजत नव्हतं. मी कान लावला तेव्हा माझ्याकडे बघितलं. मग नाही बघितलं."

काकूंनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, तसंच वाहू दिलं.

"म्हणजे आमची एकटीच होती," त्या म्हणाल्या.

आत्याने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"पण मी पाणी आणायला गेले होते. पाणीच आणायला," काकू म्हणाल्या, आत्याला की स्वतःला कोण जाणे. मग एकदम म्हणाल्या, "आमचे हे आता गप्प असतात. आधी माझ्यावर रागावून बोलायचे, आता स्वतःवर रागावून बोलत नाहीत. एका घरात दोन मुकी माणसं. मीच आता काहीतरी बोलायला सुरुवात करायला हवी, नाही का?"

"हो," आत्या म्हणाली.

"जमेल असं वाटत नाही."

आत्या त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेली. गुडघे दुखत होते म्हणून हळूहळू चालली, आणि काकूही तिच्या चालीने चालल्या. बस यायला वेळ होता. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. काकूंनी छत्री उघडली आणि थोडी आत्याकडेही कलती धरली, ऊन लागू नये म्हणून.

बस आली. कुणाच्या घरून निघताना बायका 'येते' म्हणतात. काकूंनी छत्री मिटली, पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून म्हणाल्या, "जाते."

"जा," आत्या म्हणाली, आणि बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उन्हात उभी राहिली.